पहिलं हसू

अनसेल्म बुर्दे पैसे घेऊन हसायचा. यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नाही. कुणी पाव भाजतो, कुणी मेलेल्यांची थडगी कोरतो, अनसेल्म हसायचा. पॅरिसमधल्या एका बुलव्हारवर, म्हणजे रुंद हमरस्त्यावर, एक बेताचं थिएटर होतं, न फार मोठं न फार मानाचं. त्याच्या सगळ्यात वरच्या गॅलरीला लोक स्वर्ग म्हणत, कारण तिच्यावर नुसतं छत होतं आणि खुर्च्या गरिबांच्या होत्या. त्या स्वर्गात, अंगणाच्या बाजूला, अनसेल्म रोज संध्याकाळी आणि गुरुवारी-रविवारी दुपारीसुद्धा बसायचा आणि ठरलेल्या जागी सगळ्यांच्या आधी हसायचा.

आधी हसणं हेच खरं काम. तिकीट काढून आलेला माणूस भित्रा असतो. विनोद कळला तरी तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, शेजारी त्याच्याकडे बघतो, आणि तोवर नट पुढच्या वाक्याला गेलेला असतो. कुणीतरी पहिला हसला की मग सगळ्यांना धीर येतो. भाडोत्री हसणाऱ्यांचे नि टाळ्या पिटणाऱ्यांचे म्होरके होते मस्यू त्रिप्ये, मेण लावलेल्या मिशांचे, हातात कायम काठी. ते काठी एकदा जमिनीवर टेकवत आणि अनसेल्म हसे. ते त्याला नावाने क्वचितच हाक मारत. 'ठिणगी' म्हणत.

सकाळी तो बेर्सीच्या गुदामांत वाइनची पिंपं धुवायचा. धुतलेलं पिंप गोडं झालं की आंबट राहिलं हे बघायला त्यात डोकं घालून वास घ्यावा लागतो. तरुणपणी मजूर त्याला चिडवत, तेव्हा तो पिंपातच डोकं ठेवून हसायचा आणि ते हसू सबंध गुदामभर घुमायचं. मस्यू त्रिप्ये एकदा तिथे वाइन घ्यायला आले होते. त्यांनी हसू विकत घेतलं आणि वाइन राहून गेली.

त्याच स्वर्गात त्याला बायको मिळाली. ऑक्तावी तेव्हा विशीतली होती, इस्त्रीवालीच्या दुकानात कामाला, रविवारी बहिणीबरोबर नाटकाला आलेली. ती त्याच्या शेजारी बसली आणि इतकी हसली, इतकी भलत्याच जागी हसली, की मस्यू त्रिप्येंनी मागून काठीने तिची खुर्ची ठोकली. तिचं हसू म्हणजे आधी एक उचकी, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम सगळं सांडल्यासारखं. नाटक तिला फार आवडलं असं अनसेल्म धरून चालला. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

लग्नानंतर ती घरीही हसायची. मांजरावरून, शेजारणीवरून, त्याच्या झोपेत बोलण्यावरून. पण हसून हसून गाल दुखत असलेल्या माणसाला घरी हसू ऐकवत नाही. एकदा तो म्हणाला, "बाई गं, तेच ऐकून आलोय. घरात तरी नको." तो चिडून नाही, थकून म्हणाला होता. ऑक्तावीने मान हलवली आणि शर्टाच्या छातीवर इस्त्री फिरवत राहिली. त्यानंतर त्यांच्या घरात कुणी हसलं नाही. वर्षं गेली, आणि हे असंच असतं असं दोघांना वाटू लागलं.

आता ज्या वसंतात ही गोष्ट घडली, तेव्हा थिएटरात एका नोटरीचं नाटक जोरात होतं. नोटरीला बायकोचा संशय येतो, तो तिला पकडायला स्वतःच्याच घरातल्या कपाटात लपतो आणि मग पाच दारांतून माणसं आत-बाहेर करतात. नोटरी पहिल्यांदा कपाटात शिरतो आणि त्याच्या कोटाचं टोक दारात अडकतं, ती अनसेल्मची मोठी जागा. शंभरेक वेळा तो तिथे हसला होता. पण पन्नाशी उलटलेली, छातीत पिंपांचा दमटपणा साठलेला. हसू निघायचं, पण पूर्वीसारखं उडायचं नाही. मस्यू त्रिप्ये गेले काही आठवडे त्याच्याकडे काळजीने बघत होते, हे त्याला दिसत नव्हतं. माणसाला आपलं हसू ऐकू येत नाही.

त्याचा कान मात्र पक्का होता आणि त्याचा त्याला गर्व होता. "पैशाचं हसू गळ्यातून येतं, खरं हसू पोटातून," तो बेर्सीच्या मजुरांना सांगायचा. "हजार माणसांत बसवा मला, डोळे बांधा. भाडोत्री कोण ते बोट ठेवून दाखवतो."

पहिली पाल चुकचुकली ती मादाम लूशेंमुळे. मादाम लूशे इमारतीच्या दाराशी, काचेच्या खोलीत बसायच्या. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा त्यांचा धर्म.

"मस्यू बुर्दे," त्या एका बुधवारी म्हणाल्या, "मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, तुम्हाला माहितीये."

"माहितीये," अनसेल्म म्हणाला आणि थांबला, कारण हे वाक्य आलं की पुढे भानगड असायची.

"एक गृहस्थ आले होते तुमच्याकडे. म्हणजे तुमच्याकडे नाही, तुम्ही बेर्सीला होतात. धिप्पाड, हातात पिवळे हातमोजे. आणि आवाज काय हो! जिन्यात उभं राहून ओरडून सांगत होते तुमच्या बायकोला. लाज नाही, शरम नाही."

"काय सांगत होते?"

"आता मी काय कान लावून बसते का? 'गुरुवारी दुपारी, बागेच्या बाजूला, नेहमीसारखं.' एवढंच ऐकलं मी."

"नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं," मादाम लूशे म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

इथे मला अनसेल्मचे कान पकडावेसे वाटतात. थिएटरात कुणी डावं-उजवं म्हणत नाही. रंगमंचाची एक बाजू बागेची, दुसरी अंगणाची. नट, सुतार, दिवेवाले, खुर्च्या दाखवणाऱ्या बायका, सगळे तसंच बोलतात. वीस वर्षं हा माणूस स्वतः अंगणाच्या बाजूला बसत होता. पण संशयाने कान भरला की ओळखीचा शब्दही परका होतो. अनसेल्मला झाडं दिसली, बाकं दिसली, झाडांखालच्या बाकावर पिवळे हातमोजे दिसले.

आणि मग जे आधी दिसत नव्हतं ते सगळं एकदम दिसायला लागलं. गेला महिनाभर ऑक्तावी गुरुवारी नि रविवारी दुपारी पँतँला जात होती, आजारी मावशीकडे. मावशी खोकते, म्हणे. मावशी खोकते तर ही येताना गुणगुणत का येते? केस नीट का बांधते? मावशीला केसांचं काय? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो बोलला नाही. नाटकातला नोटरीही आधी बोलत नाही.

गुरुवारी दुपारी तो थिएटरला गेलाच नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. घराजवळची बाग म्हणजे ब्युत-शोमों. तिथे तो झाडामागून झाडामागे जात बाकं तपासत फिरला. एका बाकावर दाई नि शिपाई, एकावर झोपलेला म्हातारा, एकावर एक जोडपं, बाईची पाठ थेट ऑक्तावीसारखी. तो झुडपातून पुढे वाकला. बाई वळली आणि ती ऑक्तावी नव्हती. "काय हवंय, म्हातारबा?" तिच्याबरोबरचा पोरगा म्हणाला. "बघायचं असेल तर थिएटरात जा."

रात्रीच्या जेवणाला लीकच्या पातीचं सूप होतं. दोघं समोरासमोर बसले.

"मावशी कशी आहे?" अनसेल्मने विचारलं.

"तशीच. खोकते. तुझं दुपारचं कसं झालं?"

"झकास. लोक पोट धरून हसले."

ऑक्तावीचा वाढायचा डाव भांड्यावरच थांबला. "हो का?"

"मग! नोटरीचा कोट अडकला तेव्हा छप्पर उडायचं बाकी होतं."

"बरं," ती म्हणाली. तिने त्याच्या ताटलीत सूप वाढलं, पण पाव त्याच्याकडे सरकवला नाही. त्याला तो स्वतः उठून घ्यावा लागला. ती त्याच्याकडे अशी बघत होती की खोटं कोण बोलतंय हे त्याला क्षणभर कळेना. चोर तो चोर वर शिरजोर, असं मनात म्हणत त्याने पाव तोडला.

दुसऱ्या संध्याकाळी मस्यू त्रिप्येंनी त्याला जिन्यात गाठलं.

"काल कुठे होतास?"

"पोट बिघडलं होतं, मस्यू त्रिप्ये."

"तुझ्या पोटाशी नोटरीला काय करायचंय? तीन अंक मसणवट्यासारखं थिएटर होतं. डायरेक्टर म्हणतो, ठिणगी ओली झाली, दुसरी आणा. मी तुला धरून ठेवलाय, बुर्दे. कसा, ते माझं मला माहीत. आणखी एकदा असं झालं तर माझ्याही हातात काही नाही."

एरवी हे ऐकून अनसेल्मच्या पायाखालची वाळू सरकली असती. त्या दिवशी त्याने फक्त एवढंच ऐकलं की काल थिएटरात कुणी हसलं नाही. आणि तो तिला काय सांगून बसला होता? छप्पर उडायचं बाकी. ती कशी बघत होती मग? तिला कसं कळणार, ती तर पिवळ्या हातमोज्यांबरोबर होती. त्याने तो विचार झटकला आणि स्वर्गात जाऊन बसला.

रविवारी बाहेर इतकं छान ऊन पडलं होतं की निम्मं पॅरिस नदीकाठी गेलं. थिएटर अर्धं रिकामं. अशा दिवशी प्रत्येक हसू सुटं सुटं ऐकू येतं, ताटात पडलेल्या दाण्यांसारखं. नोटरी कपाटात शिरला. कोट अडकला. काठी टेकली. अनसेल्म हसला, सवयीने, आतून कुढत.

आणि खालून एक उचकी आली. मग काहीच नाही. मग सगळं सांडलं.

तो कठड्यावरून खाली वाकला. खालच्या सज्जात, तिसऱ्या रांगेत, एक जांभळ्या फुलांची टोपी हलत होती. अशी टोपी त्याने कधी आणली नव्हती, त्याच्या ऐपतीची नव्हतीच. टोपीशेजारी एक रुंद पाठ आणि पिवळे हातमोजे. त्याच्या डोळ्यांदेखत ऑक्तावीने त्या माणसाचं कोपर दाबलं. माणसाने लगेच टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने तिने पुन्हा दाबलं.

कोपर दाबणं अनसेल्मने कदाचित सहन केलं असतं. टोपीही केली असती. पण ते हसू! हजार माणसांत डोळे बांधून बसवला असता तरी त्याने बोट ठेवलं असतं. ते गळ्यातलं नव्हतं, पोटातलं होतं. खरं होतं. घरात इतक्या वर्षांत एकदाही न निघालेलं हसू तिने जपून ठेवलं होतं आणि इथे आणून त्या हातमोजेवाल्यासमोर सांडलं होतं. त्याला रडू येईल असं वाटलं. त्याहून जास्त, त्याला तो माणूस गॅलरीतून खाली फेकावासा वाटला, पण तो आधीच खाली होता.

पुढे काठी टेकली, पुन्हा टेकली. अनसेल्म हसला नाही. पहिला अंक तसाच थंडगार संपला.

मध्यंतर झाल्याबरोबर तो जिन्याने खाली धावला. सज्जाच्या बाहेरच्या गल्लीत फेर्नांद नावाची बाई लोकांचे कोट नि छत्र्या सांभाळायची. तिच्या खुर्चीमागे एक मोठं कपाट होतं. ती कुणाला तरी पायाखालचं स्टूल द्यायला गेली होती. अनसेल्मने मागेपुढे पाहिलं आणि कपाटात शिरला. शंभर वेळा ज्या माणसाला तो हसला होता, त्याच्यासारखाच शिरला. दार लावून घेतलं. त्याच्या कोटाचं टोक बाहेर राहिलं, तेही त्याला कळलं नाही.

फटीतून त्याने पाहिलं. जांभळी टोपी गल्लीत आली. पिवळे हातमोजे तिच्यामागे. ऑक्तावीने आजूबाजूला बघितलं, टाचा उंचावल्या आणि त्या माणसाच्या थेट कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. त्याने प्रसन्न होऊन मान डोलावली.

नेमकं तेव्हाच फेर्नांदने कपाट उघडलं.

"अरे देवा—"

"श्श!" अनसेल्मने तिचं मनगट धरून तिला आत ओढलं. फेर्नांद अंगाने भरलेली होती आणि कपाट दोघांसाठी बनवलं नव्हतं. आतली आडवी दांडी मोडली. पन्नासेक कोट, पाच-सात छत्र्या, फेर्नांद आणि अनसेल्म असे सगळे मिळून गल्लीत येऊन पडले.

गल्ली हसली. सगळी हसली, बायका भिंतीला टेकून हसल्या. नाटकवाल्यांनी मध्यंतरातही काही ठेवलंय असं लोकांना वाटलं. उभ्या जन्मात अनसेल्मने पहिल्यांदाच फुकट कुणाला हसवलं होतं. पिवळ्या हातमोजेवाल्याने सगळ्यांची तोंडं पाहिली, त्याला वाटलं जागा आली, आणि त्याने तोफा डागल्यासारख्या टाळ्या पिटायला सुरुवात केली.

फक्त ऑक्तावी हसली नाही. ती फेर्नांदकडे बघत होती.

"म्हणजे ही," ती म्हणाली.

"कोण ही?" अनसेल्म कोटांतून बाहेर यायची खटपट करत होता.

"गुरुवारी कुठे होतास ते विचारणारच होते. आता विचारायला नको."

"मी? मी गुरुवारी इथेच होतो. वर."

"नव्हतास. गुरुवारी वर कुणी हसलं नाही."

"तुला काय माहीत? तू तर पँतँला होतीस, मावशीकडे!"

फेर्नांद उठून घागरा झटकत म्हणाली, "मला ह्यात ओढू नका. ओढलं तेवढं पुरे झालं."

अनसेल्म पिवळ्या हातमोज्यांपुढे जाऊन उभा राहिला. तो माणूस त्याच्याहून डोकंभर उंच होता. "मस्यू, माझ्या बायकोशी तुमचं नातं काय?"

"हो, हो," तो माणूस मोठ्या आवाजात म्हणाला. "थंडी गेली आता. बरं झालं."

"मी तुम्हाला विचारतोय!"

"मी तर कोट घरीच ठेवला."

"त्याला ऐकू येत नाही," ऑक्तावी म्हणाली. "मुळीच नाही."

तेवढ्यात मस्यू त्रिप्ये काठी आपटत आले आणि त्या तिघांना जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात घेऊन गेले. ते रागाने इतके लाल झाले होते की मिशांचं मेण वितळेल असं वाटत होतं.

"वीस वर्षं तुला एकच गोष्ट सांगतोय," ते म्हणाले. "वरच्यांनी खालच्यांना ओळखायचं नाही, खालच्यांनी वरच्यांना. ओळख झाली की नजर जाते, नजर गेली की तिकीट काढून आलेल्याला कळतं. म्हणून तुला सांगितलं नाही. हा बार्नाबे. पलटणीत ढोल वाजवायचा, कान तिथेच गेले. पण ह्याच्यासारखे हात सबंध शहरात नाहीत. कधी वाजवायचं ते ह्याला कळत नाही, म्हणून तुझी बायको कोपर दाबते. आणि ही तुझी बायको महिनाभर माझ्याकडे कामाला आहे. बागेच्या बाजूला, तिसरी रांग."

"बागेच्या बाजूला," अनसेल्म पुटपुटला. त्याला ब्युत-शोमोंमधलं प्रत्येक झाड आठवलं.

"तुझी ठिणगी पडते, पण पेटत नाही, ठिणगी. डायरेक्टर तुला काढणारच होता. ही शर्ट पोचवायला कपडेपटात आली होती. मी हिला म्हटलं, तुम्ही खाली बसा, त्याच्यामागून हसा. तेव्हापासून पेटतंय."

अनसेल्मला तोंडात मारल्यासारखं झालं. एक काटा निघाला आणि त्याच जागी दुसरा घुसला. म्हणजे महिनाभर लोक त्याच्या हसण्याने हसतच नव्हते. तो शिळा झाला होता, आणि त्याची बायको मागून आली आणि तिखट झाली होती.

"डायरेक्टरला कुणाचं हसू आवडतं?" त्याने विचारलं. विचारू नये हे त्याला कळत होतं.

"तिचं," मस्यू त्रिप्ये म्हणाले.

ऑक्तावी जमिनीकडे बघत होती. "म्हणूनच सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुला लागलं असतं."

"आणि ती टोपी?"

"कपडेपटातली आहे. संध्याकाळी परत द्यायची."

सगळं जुळत होतं, फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. तो कानाचा माणूस होता.

"पण ते हसू पैशाचं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तू मला फसवू शकत नाहीस, ऑक्तावी. बाकी कशातही फसव. ते खरं होतं. पोटातून होतं. कुणामुळे हसत होतीस?"

"खरंच होतं," ती म्हणाली.

"नोटरीवर?"

"त्या नोटरीत हसण्यासारखं काय आहे? बायकोवर विश्वास नाही म्हणून कपाटात बसणारा माणूस. मला तर त्याचा रागच येतो." तिने टोपीची पिन सरळ केली. "तुझ्यावर हसते मी. वरून तुझं ते सुरू होतं ना, पिंपात कुणीतरी शिंकल्यासारखं, मग मला आवरत नाही. पहिल्या दिवसापासून आवरत नाही. त्या दिवशीही मी नाटकाला हसले नव्हते. पण घरी तू नको म्हणालास. मग मस्यू त्रिप्ये म्हणाले, खाली बसा आणि तो हसला की हसा. मी म्हटलं, एवढंच? हे तर मला येतं."

"गुरुवारी तू नव्हतास," मस्यू त्रिप्ये म्हणाले, "तर ही तीन अंक धोंड्यासारखी बसली. मी काठी आपटून आपटून दमलो."

"मला वाटलं, वर नाही तर कुठे आहे हा," ऑक्तावी म्हणाली. "आणि घरी येऊन सांगतोस, छप्पर उडालं."

"मी बागेत होतो," अनसेल्म म्हणाला. "खऱ्या बागेत. झाडांच्या. तुला शोधत."

ऑक्तावीच्या तोंडाचा कोपरा थोडा हलला, पण तेवढ्यात घंटा झाली आणि मस्यू त्रिप्येंनी तिघांनाही काठीने आपापल्या जागी हाकललं.

आता कुणालाही वाटेल की माणूस एवढं ऐकल्यावर सुखाने वर जाऊन बसला असेल. पण मत्सर म्हणजे घरात शिरलेला पाहुणा नाही, तो भाडेकरू असतो, सांगितलं म्हणून जागा सोडत नाही. स्वर्गाचे जिने चढता चढता अनसेल्मच्या मनात आलं, सगळ्यांनी मिळून सारवासारव केली असली तर? बायको म्हणते तुझ्यावर हसते. कुठल्याही बायकोला असं म्हणता येतं. दुसऱ्या अंकात तो कसाबसा दोनदा हसला आणि दोन्ही वेळा खालून उचकी आली. पण त्या दोन्ही जागी नोटरीनेही गंमत केली होती. मग कुणामुळे, ते कसं ठरवायचं?

तिसऱ्या अंकात नोटरी पुन्हा कपाटात शिरतो, ह्या वेळी आत आधीच कुणीतरी बसलेलं असतं. सबंध नाटकातली सगळ्यात मोठी जागा. मस्यू त्रिप्येंची काठी टेकली.

अनसेल्म हसला नाही. दात-ओठ घट्ट मिटून त्याने कठडा धरला आणि खाली बघितलं.

थिएटर शांत होतं. नोटरी कपाटाचं दार अर्धं उघडून उभा राहिला, हसू येईल म्हणून थांबला. हसू आलं नाही. त्याने डोळे वर करून स्वर्गाकडे पाहिलं. काठी दुसऱ्यांदा टेकली, मग तिसऱ्यांदा जोरात. डायरेक्टरची खोली कुठे आहे हे अनसेल्मला माहीत होतं, आणि उद्यापासून सकाळ-संध्याकाळ फक्त पिंपं धुवावी लागतील हेही माहीत होतं. तो हलला नाही. जांभळी टोपीही हलली नाही. बार्नाबेचं कोपर कुणी दाबलं नाही. ऑक्तावी नोटरीकडे बघतच नव्हती. मान मागे टाकून ती वर बघत होती, जिथे तिला अंधाराशिवाय काही दिसणार नव्हतं, आणि वाट बघत होती.

मग अनसेल्म हसला. ते ठिणगीचं हसू नव्हतं. उशिरा आलं, वाकडं आलं, मध्येच ठेच लागून फुटलं आणि त्यात थोडं रडूही होतं. आणि खालून एक उचकी आली. मग काहीच नाही. मग सगळं सांडलं, आणि त्याच्यामागे बार्नाबेच्या टाळ्या, आणि त्यांच्यामागे ते अर्धं थिएटर.

नाटक संपल्यावर मस्यू त्रिप्ये जिन्यात उभे होते. ऑक्तावी टोपी परत देऊन आली होती, केस सुटलेले, पिना तोंडात धरून बांधत होती. डायरेक्टर काय म्हणाला, कुणाला ठेवलं, कुणाला काढलं, ते मस्यू त्रिप्येंनी अजून सांगितलं नव्हतं. त्यांनी काठीचं टोक अनसेल्मच्या छातीवर टेकवलं.

"उशीर झाला, बुर्दे," ते म्हणाले.

"हो," अनसेल्म बायकोकडे बघत म्हणाला. "बरीच वर्षं."